डेटा बरोबर होता



आजचा भाग मी तंजावरहून बोलतो आहे. माझ्या पत्नीचे माहेर इथले. घरात तंजावरची मराठी आणि दाराबाहेर तमिळ, अशा घरात निवृत्तीनंतर वर्षातले तीन-चार महिने माझा मुक्काम असतो. आजचा विषय आहे नकाशे, आपल्या फोनमधले नकाशे. ते तयार करणाऱ्या मंडळींमध्ये एक माणूस नेहमी गैरहजर असतो. त्याच्या गैरहजेरीची किंमत आमच्या घरानेही मोजली असावी, असे मला वाटते. ते पुढे सांगतो. आधी इथल्या मोठ्या देवळाची गोष्ट.

विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ मोजणीला सुरुवात केली. पुढे तिलाच ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’ हे नाव मिळाले. पद्धत त्रिकोणांची. जमिनीवर एक रेषा अगदी काटेकोर मोजायची, तिच्या दोन टोकांवरून दूरच्या तिसऱ्या ठिकाणाचे कोन घ्यायचे आणि गणिताने अंतर काढायचे. असे करत त्रिकोणाला त्रिकोण जोडत जायचे. त्यासाठी दूरवर दिसेल अशी उंच जागा लागते. कावेरीचा हा सगळा मुलूख ताटासारखा सपाट, टेकडी औषधाला नाही. मग मोजणीदारांनी देवळांच्या शिखरांचा आणि गोपुरांचा उपयोग केला. १८०८ साली लॅम्बटनचे मोठे थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचे सुमारे अर्ध्या टनाचे यंत्र, बृहदीश्वराच्या शिखरावर चढवत असताना दोर तुटला. यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे मोठे वर्तुळ वाकले. लॅम्बटनने ते स्वतः सुटे केले आणि सुमारे सहा आठवडे खपून पुन्हा आकारात आणले.

मोजणीच्या इतिहासात ही गोष्ट आवर्जून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. पण आपण नकाशाबद्दल बोलतो तेव्हा नेहमी मोजणाऱ्याच्याच गोष्टी सांगतो. मोजलेले सगळे कागदावर उतरल्यावर कुठली रेघ जाड ठेवायची, कुठला रंग कशाला द्यायचा, कुठले नाव गाळायचे, हे ठरवणाऱ्याची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आजचा गैरहजर माणूस तोच. त्याला आपण डिझायनर म्हणू.

डिझायनर म्हटले की जाहिराती किंवा कपडे डोळ्यांसमोर येतात. इथे अर्थ साधा आहे. ज्याच्या हातात नकाशा पडणार, तो काय बघेल, काय समजेल आणि कुठे फसेल, याचा विचार करून नकाशाचे रूप ठरवणारा तो डिझायनर.

मला याचा पहिला धडा फौजेत मिळाला. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर पाणी निळे, झाडी हिरवी, उंचीच्या रेषा तपकिरी, रस्ते आणि वस्ती लाल असते. हे रंग आम्हाला पाढ्यांसारखे पाठ असत. पण रात्रीच्या हालचालीत पांढरा प्रकाश वापरता येत नाही. एक तर शत्रूला दिसतो आणि दुसरे म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपतात. म्हणून लाल काच लावलेला टॉर्च. मी नवा लेफ्टनंट होतो. एका रात्रीच्या सरावात नकाशा उघडला, लाल टॉर्च टाकला, तर रस्ते गायब आणि उंचीच्या रेषा फिकट! कारण सोपे आहे. लाल प्रकाशात पांढरा कागद लाल दिसतो आणि त्यावरची लाल शाईही लाल दिसते. शेजारी उभे असलेले सुभेदार साहेब म्हणाले, “साब, रास्ता तो वहीं है, बस दिख नहीं रहा.” त्यांनी दिवसाउजेडीच रस्त्यावर काळ्या पेन्सिलने रेघ ओढून ठेवली होती. पुढे काही देशांच्या सैन्यांनी नकाशातली लाल शाईच बदलली आणि लाल प्रकाशात वाचता येईल अशी तांबूस-तपकिरी छटा घेतली. रस्ता नकाशावर एक इंचानेही हलला नाही. बदलली फक्त शाई, आणि नकाशा रात्री कामाचा झाला.

आता आजच्या काळात येऊ. आम्ही नोकरीत होतो तेव्हा मोठ्या प्रमाणाचे नकाशे कपाटात कुलूपबंद असत आणि सही करून घ्यावे लागत. दोन-तीन गोष्टींनी चित्र बदलले. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. आज मोकळ्या आकाशाखाली साधा फोन आपली जागा सुमारे ५ मीटरच्या आत सांगतो. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट याने ‘ओपनस्ट्रीटमॅप’ सुरू केला. विकिपीडियासारखाच, लोकांनी लोकांसाठी केलेला जगाचा नकाशा. त्यावर आज एक कोटीहून अधिक लोकांनी नाव नोंदवले आहे. भारतात इस्रोचे ‘भुवन’ २००९ साली आले आणि १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरची पूर्वपरवानगीची बंधने बरीच सैल केली.

यातून गावोगावी गट उभे राहिले. सुट्टीच्या दिवशी जमायचे, एकेक गल्ली पायी फिरायची, दवाखाना, शाळा, पाणवठा, पूल टिपायचे आणि संगणकावर चढवायचे. चांगले काम आहे. पूर, वादळ आले की अशीच माहिती मदतीला येते. २०१० साली हैतीच्या भूकंपानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी घरबसल्या उपग्रहचित्रांवरून तिथल्या रस्त्यांचा नकाशा काढला आणि मदतपथकांनी तो वापरला. आमच्या या मुलखाने २००४ ची त्सुनामी आणि २०१८ चे गजा वादळ पाहिले आहे. नकाशाचे महत्त्व इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

आता आमच्या घरची गोष्ट.

तीन वर्षांपूर्वी पत्नीच्या मामींना पहाटे पक्षाघाताचा झटका आला. वय ७८. घरात त्या आणि त्यांचा भाचा. भाच्याने रुग्णवाहिका बोलावली आणि चालकाला फोनवरून घराचे ‘लोकेशन’ पाठवले. मामींचे घर एका जुन्या गल्लीच्या टोकाला, मागच्या अंगाला कालवा. रुग्णवाहिका निघाली, वेळेत जवळही आली, पण कालव्याच्या पलीकडच्या काठावर. तिथे एक अरुंद पादचारी पूल, सुरुवातीला पायऱ्या. गाडी वळवून, गावाला वळसा घालून पुढच्या दाराशी येईपर्यंत पंचवीस मिनिटे गेली.

मामी वाचल्या. पण उजव्या हाताने पुन्हा रांगोळी काढू शकल्या नाहीत. ती पंचवीस मिनिटे त्याला कारण होती का, हे डॉक्टरांनी सांगितले नाही आणि मीही सांगू शकत नाही. पक्षाघातात मिनिटांना किंमत असते, एवढे मात्र कोणताही डॉक्टर सांगेल.

चूक कुठे झाली? माझी सवय अशी की मोहिमेत गडबड झाली की जागेवर जाऊन पाहायचे. इथल्या नकाशे करणाऱ्या तरुणांच्या एका गटात मी गेलो. अकरा जण होते. संगणकाचे विद्यार्थी, दोन सिव्हिल इंजिनिअर, एक निवृत्त मोजणीदार. मी घडलेले सांगितले. एका मुलाने लॅपटॉप उघडला, तो भाग काढला आणि दोन मिनिटांत म्हणाला, “सर, डेटा बरोबर आहे.”

आणि तो खरेच बरोबर होता. गल्ली होती, कालवा होता, पूल होता, पुलावर फक्त पायी जाता येते अशी नोंदही होती. मग झाले काय, ते समजून घेऊ, कारण हे तुमच्याही गावात होऊ शकते.

तुम्ही लोकेशन पाठवता तेव्हा एक बिंदू जातो. गाडी बिंदूवर जात नाही, रस्त्यावरून जाते. म्हणून वाट शोधणारी प्रणाली आधी त्या बिंदूच्या सर्वांत जवळचा, गाडी जाईल असा रस्ता शोधते आणि तिथपर्यंतची वाट देते. भाचा मागच्या अंगणात उभा होता. घरांच्या दाटीत जीपीएस आणखी थोडे सरकले. सरळ रेषेत मोजले तर पलीकडच्या काठचा रस्ता पुढच्या गल्लीपेक्षा जवळ आला. प्रणालीने तोच निवडला. तिथून घरापर्यंत पडद्यावर बारीक ठिपक्यांची रेघ दाखवली. तिचा अर्थ ‘इथून पुढे पायी’ असा होता. पण पहाटेच्या अंधारात, एका हाताने चाक धरलेल्या माणसाला ती रेघ रस्त्याची वाटली.

दुसरी गोष्ट. भाचा फोनवर ओरडून सांगत होता, “पुदु आरु ओलांडू नका.” पुदु आरु म्हणजे नवी नदी. हा कालवा कावेरी-मेट्टूर योजनेतला, १९३०च्या दशकातला, पण इथल्या लोकांच्या तोंडी ती अजून ‘नवी नदी’च आहे. नकाशावर लिहिलेले इंग्रजीत ‘ग्रँड अनिकट कॅनाल’. बाहेरगावचा चालक नकाशात नदी शोधत होता. नदी नव्हतीच, कालवा होता.

म्हणजे मोजणी बरोबर, नोंद बरोबर, गणितही बरोबर. तरी गाडी चुकली. ठिपक्यांची रेघ घाईतल्या माणसाला कशी दिसेल, आणि लोक या पाण्याला काय म्हणतात, हे दोन प्रश्न कोणी विचारलेच नव्हते. हे प्रश्न विचारणे हेच डिझायनरचे काम.

मी त्या मुलांना विचारले, तुमच्या गटात हे काम कोण करते? एकमेकांकडे पाहिले सगळ्यांनी. शेवटी एक मुलगी म्हणाली, “सर, पोस्टर करायला एक जण येतो कधीकधी.”

हे फक्त तंजावरचे नाही. असे का होते, याची तीन कारणे मला दिसतात.

पहिले, या गटांत काम मोजले जाते ते नोंदींवर. कोणी किती रस्ते चढवले, किती घरे टिपली, किती ओळींचा कोड लिहिला. डिझायनरचे काम प्रश्न विचारण्याचे, चार कच्चे आराखडे फाडून पाचवा ठेवण्याचे. त्याची नोंद कुठल्या वहीत करणार? जे वहीत येत नाही, त्याचे श्रेय मिळत नाही, आणि श्रेय नाही तिथे माणूस टिकत नाही.

दुसरे, त्याला बोलावले जाते शेवटी. सगळे ठरून झाल्यावर ‘जरा छान दिसेल असे कर’ म्हणून. घर बांधून झाल्यावर रंगाऱ्याला विचारायचे की दार कुठे हवे होते, तसला हा प्रकार.

तिसरे कारण दोन्ही बाजूंचे आहे. तांत्रिक मंडळींची भाषा अशी की बाहेरच्याला बैठकीत तोंड उघडायची भीती वाटते. आणि डिझायनर मंडळीही अनेकदा ‘हे आपले क्षेत्र नाही’ म्हणून फिरकत नाहीत.

पण जिथे हा माणूस सुरुवातीपासून बसला, तिथे काय होते तेही पाहा. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये देऊळ नोंदवायचे तर मूळ पद्धतीने इंग्रजीत ‘पूजास्थान’ अशा अर्थाची खूण आणि ‘धर्म: हिंदू’ अशी दुसरी खूण, ठरलेल्या शब्दांत लिहावी लागते. नवखा माणूस इथेच पळतो. २०१३ साली ‘आयडी’ नावाचे नवे संपादन-साधन आले. अमेरिकेतल्या नाईट फाउंडेशनच्या अनुदानातून ते तयार झाले. त्यात माणसाने नुसते ‘देऊळ’ या अर्थाचा शब्द शोधायचा, बाकीच्या खुणा साधन स्वतः लावते. नकाशावर टाकायचे ते बिंदू, रेघ किंवा क्षेत्र, एवढ्या तीनच गोष्टींत बसवले. मागची माहिती तीच राहिली, पण ज्याला कोड येत नाही तोही आपले गाव नकाशावर आणू शकला.

त्याहून जुने उदाहरण लंडनचे. हॅरी बेक हा तिथल्या भुयारी रेल्वेत विजेच्या आकृत्या काढणारा ड्राफ्ट्समन. १९३१ साली त्याने फावल्या वेळात रेल्वेमार्गांचा नकाशा काढला आणि त्यात खरी अंतरे सोडूनच दिली. सरळ, आडव्या, तिरक्या रेघा आणि समान अंतरावर स्थानके. जमिनीखालच्या प्रवाशाला कोसाचा हिशेब नको असतो, गाडी कुठे बदलायची ते हवे असते. आधी तो नकाशा नाकारला गेला. १९३३ साली छापला, आणि आज जगभरच्या मेट्रोंचे नकाशे त्याच धाटणीचे आहेत. मुंबई-पुण्याच्या मेट्रोच्या डब्यातला नकाशा डोळ्यांसमोर आणा.

आपल्या भाषांचे दुखणे तर आणखी वेगळे. ‘किल्ला’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या डावीकडे बसते, पण संगणकात ती ‘क’च्या नंतर साठवलेली असते. तमिळमध्ये ‘कॊ’ लिहिताना खूण अक्षराच्या दोन्ही बाजूंना येते. अक्षरे नीट जुळवून मांडण्याचे वेगळे काम करावे लागते. इंटरनेटवर नकाशे दाखवणाऱ्या काही प्रणालींत ते अनेक वर्षे झालेच नव्हते. वेलांटी भलतीकडे आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले. रोमन अक्षरांत विचार करणाऱ्याला हे दिसतच नाही. मराठी किंवा तमिळ अक्षरे काढणारा एक माणूस पहिल्या दिवशी त्या खोलीत असता, तर त्याने पहिल्याच दिवशी बोट ठेवले असते.

आता कोणी म्हणेल, साहेब, हे सगळे परदेशी खूळ. म्हणून पुन्हा तंजावर.

लॅम्बटनचे यंत्र आपटले तेव्हा इथल्या गादीवर सरफोजीराजे दुसरे होते. कारकीर्द १७९८ ते १८३२. कारभार कंपनीने घेतला होता, राजांकडे किल्ला आणि भोवतालचा भाग एवढेच उरले होते. हा राजा ग्रंथांचा आणि शास्त्रांचा मोठा षौकीन. इथले सरस्वती महाल ग्रंथालय त्याच्या नावाने ओळखले जाते ते त्यामुळेच. त्याला जगाचा नवा भूगोल आपल्या लोकांपर्यंत पोहोचवायचा होता. त्याने काय केले? ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचे मराठी नाटक रचले. कुरवंजी हा तमिळ मुलखातला लोकप्रिय नृत्यनाट्याचा प्रकार. भविष्य सांगणारी भटकी स्त्री येते, आपण फिरलेल्या डोंगरांचे, देशांचे वर्णन गाऊन सांगते, अशी त्यात रीतच असते. राजाने त्या रीतीतच पृथ्वीचा भूगोल घातला. देशोदेशी फिरलेल्या बाईच्या तोंडून ऐकलेला भूगोल कोणाला परका वाटेल?

एकाच काळात, एकाच गावात जमीन मोजण्याचे काम चालले होते आणि भूगोल ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत नेण्याचेही. दुसऱ्या कामाला आज आपण ‘डिझाइन’ म्हणतो. पहिल्याशिवाय दुसरे पोकळ, हे मान्य. पण दुसऱ्याशिवाय पहिले आमच्या मामींच्या मागच्या अंगणाशी, कालव्यापलीकडे अडकते.

मग आम्ही काय केले? मोठे काही नाही. गटात दोन माणसे आणली. एक दुकानांच्या पाट्या रंगवणारे गृहस्थ, चाळीस वर्षे तमिळ अक्षरे काढताहेत. दुसरी तंजावर शैलीची चित्रे काढणारी एक तरुण बाई. ती चित्रे तुम्ही पाहिली असतील. मधला देव मोठा, सोन्याने उठवलेला, बाकीचे सगळे लहान. तिने नकाशाकडे पाहिले आणि पहिलाच प्रश्न केला, “यात देव कोण आहे? सगळेच सारखे दिसते आहे.” इंजिनिअर मंडळी गप्प झाली. बराच वेळ चर्चा झाली आणि ठरले की रुग्णवाहिकेच्या नकाशात देव म्हणजे गाडी जिथवर जाऊ शकते ती शेवटची जागा.

मग एका पानाचे कच्चे नकाशे काढले आणि रिक्षावाल्यांना दाखवले. तोंडाने काही सांगायचे नाही, फक्त विचारायचे, या घरी कसे जाल? पहिल्या आराखड्यात सातपैकी पाच जण पुलावर गेले. पाटीवाल्यांनी पुलाची रेघ मधोमध तोडली आणि तिथे तीन पायऱ्या काढल्या. पाण्यावर तमिळमध्ये मोठ्या अक्षरांत ‘पुदु आरु’ लिहिले, सरकारी नाव खाली लहान. गल्लीच्या तोंडाशी पिंपळ आणि चहाची टपरी दाखवली, कारण रिक्षावाले तीच शोधत होते. चौथ्या आराखड्यात सातही जण पुढच्या दाराशी पोहोचले. माहितीत भर पडली ती पिंपळाची आणि टपरीची, बस्स. मात्र लोकांच्या तोंडचे ‘पुदु आरु’ हे नाव आता मुलांनी मूळ नोंदीतही घातले आहे.

तुमच्या गावात असा गट असेल तर पुढच्या बैठकीला तीन प्रश्न घेऊन जा. हा नकाशा कोण, कुठल्या घाईत पाहणार आहे? त्याने यातली कुठली एक गोष्ट चुकवता कामा नये? आणि तो या जागांना कुठल्या नावाने ओळखतो? उत्तरे शोधायला चित्रकलेचे मास्तर, पाटीवाला, छापखान्यातला जुळारी, कोणीही चालेल. पण त्याला पहिल्या दिवशी बोलवा. आणि वहीत त्याचेही नाव लिहा.

एक घरगुती सूचनाही. घरच्यांना लोकेशन पाठवायला शिकवाल तेव्हा हेही शिकवा की ते पुढच्या दारात, रस्त्यावर उभे राहून पाठवायचे.

तो एका पानाचा नकाशा मामींच्या घरी टेलिफोनच्या वर चिकटवला आहे. परवा गेलो तेव्हा मामींनी डाव्या हाताने त्यावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, “जावईबापू, टपरी चुकीच्या बाजूला काढली आहे.” मी खिडकीतून डोकावून पाहिले. त्यांचेच खरे होते. रविवारी दुरुस्त करतो आहोत.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.